गैरहजेरीचे मांडे

"जवाईबुवा, लगीन कोणाचं आहे भो?"

झिपरू पाटकऱ्याने खालून हा प्रश्न विचारला, तेव्हा मी कोरड्या पाटाच्या काठावर उभा होतो. अंगात माझ्या लग्नातला काळा कोट, कमरेस जरीकाठी धोतर, मस्तकी टोपी आणि हातात शेजारच्या घरून मागून आणलेले फावडे, असा त्या प्रातःकाळी माझा थाट होता. पाटात उतरलेले सर्व गाव हातातले काम थांबवून माझ्याकडे पाहत होते.

"लग्न कोणाचेही नाही," मी गंभीरपणे म्हणालो. "मी पाट काढावयास आलो आहे. माझी हजेरी धरावी."

माणसे हसतील अशी माझी अपेक्षा होती व ते हसू सोसण्याची तयारी मी वाटेतच करून ठेवली होती. परंतु कोणीही हसले नाही. उलट, एखादी अशुभ वार्ता यावी तशी शांतता पाटातून पसरत गेली. अखेर सुकदेव तात्याने, जो पंक्तीच्या बाबतीत गावाचा अग्रणी होता, फावडे टेकवून विचारले :

"म्हणजे आज मांडे नाहीत?"

"नाहीत," मी म्हणालो, आणि पाटात उतरलो.

या संभाषणाचा अर्थ ध्यानी येण्यासाठी त्या गावची रीत सांगणे अवश्य आहे. पांझरेच्या काठचे ते गाव. नदीवर जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि त्या एका पाटावर साऱ्या गावाची वावरे. हा पाट सरकारने बांधलेला नव्हे, आणि सरकार तो राखीतही नसे. दसरा झाला की पंच एक दिवस ठरवीत. त्या दिवशी पाटावर वावर असलेल्या प्रत्येक घरातून एका गड्याने फावडे घेऊन खाली उतरायचे व वर्षाचा गाळ आणि लव्हाळे काढायचे. बायकांनी त्या दिवशी पाटात पाऊल ठेवायचे नाही. का, ते मला कोणासही सांगता आले नाही. ज्या घरचा गडी येणार नाही, त्या घराने त्याच दुपारी सगळ्या काम करणाऱ्यांस पोटभर जेवू घालायचे. हा दंड.

पुढे गव्हाला पहिले पाणी सुटले की पाटकरी पाण्याबरोबर चालत जाई. पाटातून वावरात पाणी घेण्याचे जे तोंड, त्यास तिकडे बारा म्हणतात. प्रत्येक बाऱ्यापाशी उभा राहून पाटकरी ज्याने पाटात घाम गाळला त्याचे नाव मोठ्याने पुकारी. त्याने "ओ" द्यायची, आणि मग बाऱ्याची माती फोडायची. ज्या घराने गडी न पाठवता दंड भरला, त्याचे जुनेच नाव चालू राही.

मी त्या गावचा नव्हे. माझा जन्म निफाडकडचा. सातवीपर्यंत शिक्षण, त्यानंतर एका वाचनालयात पुस्तके झटकून लावण्याची नोकरी. उखाजी आप्पांना एकुलती एक मुलगी, केसर. त्यांनी मला घरजावई करून घेतले व थोड्याच काळात ते निवर्तले. वावर केसरचे झाले, नांगर माझ्या हाती आला. परंतु बाऱ्यावर पुकारा होई तो मृत मनुष्याचा. "उखाजी महादूचा बारा!" बांधावरून केसर "ओ" देई, आणि मी शेजारी फावडे घेऊन परक्याच्या गड्याप्रमाणे उभा असे.

सासुरवाडीत राहणाऱ्या पुरुषाची व्यथा सांगून कळत नाही. त्या गावात मला विश्वनाथ म्हणून कोणीही हाक मारीत नसे. लहानथोर, पाटील, पुजारी, सर्वांचा मी जवाईबुवा. वर्षातून एकदा, उघड्या रानात, सर्वांसमक्ष "विश्वनाथ रखमाजीचा बारा!" असा पुकारा व्हावा, एवढीच माझी अभिलाषा होती, आणि ती पुरी होण्यासाठी एक दिवस चिखलात उतरणे पुरेसे होते.

परंतु ते घडत नव्हते. आप्पांच्या मागे पहिल्या वर्षी, मी निघणार तोच म्हैस सुटून गेल्याचे आढळले. दुपार टळेपर्यंत मी रान तुडविले. ती सापडली एका आमराईत, व्यवस्थित बांधलेली, पुढ्यात हिरवा चारा. दुसऱ्या वर्षी पंचांतले वडीलधारे नथ्थू बापू आदल्या सायंकाळी घरी आले.

"जवाईबुवा, तालुक्याच्या कचेरीत बंधाऱ्याचा काही कागद लागलाय म्हणे. वाचता येणारा भरवशाचा माणूस तुमच्याशिवाय कोण आहे?"

हा माझ्या विद्येचा गौरव होता. मी पहाटेच निघालो. कचेरीस सुटी होती, दारास कुलूप होते.

दोन्ही वर्षी मी परतलो तेव्हा आमच्या अंगणात पंगत बसली होती. आणि पंगत कशाची, तर केसरच्या मांड्यांची. पुरण भरलेला कणकेचा गोळा ती दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खेळवी, तो पातळ धोतरासारखा पसरत जाई, आणि उपड्या तापल्या खापरावर ती तो एकही सुरकुती न पाडता टाकी. सुकदेव तात्या डोळे मिटून खात असे व मधूनच म्हणे, "दंड असावा तर असा." मी माझ्याच घरी, माझ्याच दंडाच्या पंक्तीला, शेवटचा पाहुणा म्हणून बसलो.

यावरून माझी खात्री पटली की हे गावाचे कारस्थान आहे. मांड्यांच्या लोभाने हे लोक मला दरवर्षी पाटापासून दूर ठेवतात. तिसऱ्या वर्षी मी सावध झालो. म्हशीला दुहेरी दावे लावले. बापूंना स्पष्ट सांगितले की कचेरीत प्रत्यक्ष लाटसाहेब आला तरी मी जाणार नाही. आणि पाट काढण्याच्या दिवशी सकाळी उठून पाहतो तो माझी यच्चयावत धोतरे, सदरे, बंड्या वलणीवर ठिबकत होत्या.

"केसर, हे काय?"

"दसऱ्याची धुणी राहिली होती."

"पण आजच?"

"ऊन चांगलं पडलंय."

तिच्या कामसूपणाचे मला कौतुकच वाटले. बिचारीला आजचा दिवस कोणता याचे भान राहिले नव्हते. फावड्याचा दांडाही निखळलेला दिसला, पण वस्तू जुनी झाली की असे व्हायचेच. मी पेटीतून लग्नाचा पोशाख काढला, तो अंगावर चढविला, आणि मागच्या दाराने निघालो.

असा मी पाटात पोहोचलो.

काम सुरू झाले, पण त्यात जीव नव्हता. हळूहळू मला उमगले की एकाही माणसाने भाकरी बांधून आणलेली नव्हती. मी येणार नाही याविषयी गाव इतके निःशंक होते की सगळे रिकाम्या पोटाने, किंबहुना पोट मुद्दाम रिकामे राखून आले होते. सुकदेव तात्याने आदल्या रात्रीही जेवण केले नव्हते.

"बापू," उन्हे चढल्यावर तो म्हणाला, "जवाईबुवा हजर तर हजर. पण जेवायला घाला म्हणावं. तुमचं आमचं काही वाकडं आहे का?"

नथ्थू बापू नियमाला कठोर. ते म्हणाले, "हजर माणसाच्या घरचं जेवण पाटावर चालत नाही. आज याचं चाललं, तर उद्या जो तो पंगत घालील अन् काठावर बसून हजेरी मागील."

"बापूंचे म्हणणे सर्वथैव योग्य आहे," मी गाळाची पाटी उचलून म्हणालो.

"तुम्ही गप बसा ना भो," सुकदेव तात्या कळवळला. "तुम्ही तर आजच आले."

"तात्या, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"पोटाचा आहे हो."

झिपरू पाटकरी कमरेवर हात ठेवून गावाकडे पाहत होता. "तुमच्या घरावर तर धूर दिसतो, जवाईबुवा. मोठा धूर दिसतो."

"तो रोजचाच," मी म्हणालो.

पाट नेहमी वरून, बंधाऱ्याच्या बाजूने काढीत येतात. माथ्याचा भाग झाला, मधला झाला, आणि दुपारी माणसे एकेक करून फावडी खांद्यावर टाकून निघाली. "राहिलेलं पुढल्या वर्षी," असे कोणीसे पुटपुटले. बापूंनी हाका मारल्या, पण उपाशी माणसाच्या पाठीला कान नसतात. उरला तो अगदी शेपटाकडचा तुकडा, आणि त्या तुकड्याच्या टोकाला ज्याचे वावर होते तो मी. दिवस मावळेपर्यंत कोटाच्या बाह्या सारून मी एकटा उपसत होतो. पाटाच्या शेपटाला गाळ सर्वांत जास्त साचतो ही गोष्ट मला त्या दिवशी कळली; तो तुकडा माझ्याने पुरा झाला नाही.

घरी आलो. केसर चुलीपुढे बसली होती. शेजारी मोठे पातेले भरून पुरण, परातीत मळलेली कणीक, खापर तापून लाल.

"पहिली पंगत बसू द्या," ती मागे न पाहता म्हणाली. "आज फार उशीर केला माणसांनी."

"कोणीही येणार नाही," मी म्हणालो. माझा स्वर विजयी होता हे मला आजही आठवते. "मी हजर होतो."

तिने वळून पाहिले. कोटावरचा चिखल, धोतराची जर, पायांवरचा गाळ, हे सारे तिने पाहून घेतले. मग फडक्याने धरून खापर खाली उतरवले.

"हे एवढे कोणासाठी केलेस?" मी विचारले.

"सवय," ती म्हणाली. "जेवा."

मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. पुढचे दोन दिवस आमची म्हैस पुरण खात होती.

गहू उगवून आला, हातभर नाही तरी वीतभर झाला, आणि पहिले पाणी सुटले. त्या दिवशी मी पुन्हा कोट घातला. केसरने तो धुतला नव्हता, म्हणून वाळलेला गाळ मीच नखाने खरवडून काढला. पाण्याच्या पुढे पुढे झिपरू येत होता. वरच्या बाऱ्यावरचे पुकारे वाऱ्यावर येत होते, "नथ्थू दामूचा बारा! सुकदेव ओंकारचा बारा!" आणि एकेक "ओ" उठत होती. केसर दरवर्षीप्रमाणे बांधावर येऊन उभी राहिली. झिपरू आमच्या बाऱ्यापाशी थांबला, त्याने घसा साफ केला.

"विश्वनाथ रखमाजीचा बारा!"

"ओ!" मी इतक्या जोराने ओरडलो की लव्हाळ्यातले बगळे उडाले. त्या आवाजात शेजारची केसर काही म्हणाली का, ते मला ऐकू आले नाही. मी फावडे उगारून बाऱ्याची माती फोडली.

पाणी आले नाही.

आम्ही तिघे वाट पाहत राहिलो. पाणी वरच्या अंगाला, न काढलेल्या गाळापाशी येऊन थबकले होते. लव्हाळ्यात पसरून ते तिथल्या तिथे जिरत होते. झिपरूने ते पाहिले, टोपी सरळ केली, आणि तो म्हणाला, "नाव पोहोचलं, जवाईबुवा. पाणी काही येत नाही." आणि तो परत फिरला.

मी केसरकडे पाहिले. ती बाऱ्याकडे पाहत होती.

"तो मन्हा बापना बारा शे," ती म्हणाली.

घरात ती माझ्याशी माझ्या मराठीत बोले. तिची स्वतःची बोली तिने आप्पांसाठी आणि म्हशीसाठी राखून ठेवली होती. माझ्याशी बोलताना ती प्रथमच तिच्या तोंडून निघाली, तेव्हा मी जरा दचकलो.

"अग, पण आता..."

"म्हैस मी सोडली होती," ती म्हणाली.

"काय?"

"आमराईत नेऊन बांधली. चारा टाकला. उपाशी कशाला ठेवायची?"

"आणि बापू? तालुक्याचा कागद?"

"बापूला मीच म्हटलं, माणूस वाचणारा आहे, वाचायला पाठवा."

"कचेरीला सुटी होती, केसर!"

"ते मला ठाऊक होतं. बापूला नव्हतं."

मग मला वलणी आठवली.

"धोतरे?"

"धोतरं तर तुमच्यासमोरच धुतली ना." ती म्हणाली. "कोटाचं लक्षात आलं नाही."

"पण का?" मी विचारले. "माझे नाव पुकारले गेले तर तुझे काय जाते? मी काय परका आहे?"

"तुम्ही परके नाहीत," ती म्हणाली. "आप्पाचा पाय गेला तेव्हापासून आमच्या घरचा गडी पाटात उतरला नाही. मी परकर नेसत होते तेव्हापासून त्या खापरापुढं बसते. बाईला पाटात उतरू देत नाहीत. मग माझ्या वावराचा घाम मी कुठं गाळू? चुलीपुढं गाळते. गाव त्याला दंड म्हणतं, म्हणू द्या. बारा आप्पाच्या नावानं राहतो, अन् ओ मी देते. एवढ्या मोठ्या रानात मला आवाज आहे तो तेवढाच. तुम्ही एकदा पाटात उतरलात, आता तुमचं नाव. तुमच्या मागं पोराचं. माझी ओ गेली ती गेलीच."

मी वाचनालयात पुष्कळ ग्रंथ हाताळले होते. ते सर्व मी त्या क्षणी मनातल्या मनात चाळले. एकही उघडला नाही.

"मला सांगितले का नाहीस?"

"तुम्ही काहीतरी पुस्तकातलं बोलला असता."

हे खरे होते.

"गहू वाळेल," मी म्हणालो.

"वाळेल," ती म्हणाली, आणि घराकडे गेली.

मी कोटासह तसाच नथ्थू बापूंच्या ओट्यावर गेलो. सुकदेव तात्या तेथे तंबाखू मळत बसला होता.

"बापू, माझी हजेरी रद्द करावी. मी पाट काढण्यास गैरहजर होतो असे धरावे."

बापूंनी मला नखशिखान्त न्याहाळले. "सगळ्या गावानं पाहिलं तुम्हाला. कोटासकट. हजर माणसाला गैरहजर कसं धरू? अन् आता तुमच्या नावाचा पुकाराही झाला."

"पुकारा झाला, पण पाणी नाही आले. पाणी आल्यावाचून पुकारा पुरा झाला असे म्हणता येईल काय?"

बापू विचारात पडले. मी संधी साधली.

"आणखी असे पाहा. पाट काढण्याचा दिवस म्हणजे ज्या दिवशी पाट निघतो तो. आपला पाट अजून निघालेलाच नाही, शेपूट बाकी आहे. अर्थात तो दिवस अजून उगवायचा आहे. तो पंचांनी ठरवावा. आणि त्या दिवशी," मी आवाज चढवला, "मी येणार नाही. कोणी बोलावले तरी येणार नाही. बापू, मी आपल्यासमोर हट्टाने गैरहजर राहतो. मला नियमाप्रमाणे दंड झालाच पाहिजे."

सुकदेव तात्याच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. "बापू," तो सद्गदित होऊन म्हणाला, "शिकलेला माणूस गावात असावा तो याचसाठी."

"नियमात बसतं खरं," बापू सावकाश म्हणाले. "पण पुन्हा कोट घालून आलात तर?"

"कोट आपल्या स्वाधीन करतो," मी म्हणालो, आणि तो तेथेच काढून ओट्यावर ठेवला.

दोन दिवसांनी गाव पुन्हा पाटात उतरले. गैरहजर राहणे हे वाटते तितके सोपे काम नाही. मी पाणी भरले, लाकडे फोडली, चूल फुंकून फुंकून माझे डोळे सुजले. केसर मांडा हातावर खेळवीत होती. तिच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबे आणि ती तो खांद्याला पुसे. दुरून फावड्यांचे आवाज ऐकू येत होते. त्या गावात पाटाचा तुकडा इतक्या त्वरेने कधी निघाला नसेल. सूर्य डोक्यावर येण्याच्या आधीच सुकदेव तात्या हातपाय धुऊन अंगणात बसला होता.

दुसऱ्या दिवशी पाणी सुटले. मी गैरहजर ठरलेला मनुष्य, म्हणून बाऱ्यापासून अंतर राखून तुरीच्या आडोशाला उभा राहिलो. झिपरू आला. त्याने बाऱ्याकडे पाहिले, बांधावरच्या केसरकडे पाहिले, तुरीकडे मात्र सभ्यपणाने पाहिले नाही.

"उखाजी महादूचा बारा!"

"ओ!" केसर म्हणाली.

माती मीच फोडली. ते काम गैरहजर माणसानेही करायला हरकत नव्हती. पाणी गढूळ, कोमट, बोटांमधून धावत आले आणि पहिल्या वाफ्यात शिरले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे लोटली. नथ्थू बापूंच्या मागे पंचांत मला घेण्यात आले, कारण पाटाच्या नियमांचा माझ्याइतका विचार दुसऱ्या कोणी केलेला नाही असे सुकदेव तात्याने सर्वांना पटवले. पाट काढण्याचा दिवस मीच ठरवतो, गैरहजेरीचा दंडही मीच सांगतो, आणि दरवर्षी न चुकता गैरहजर राहतो. लोक अजून मला जवाईबुवाच म्हणतात.

आमचा मुलगा मोठा झाला. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तो म्हणाला, "अण्णा, या खेपेला मी पाटात उतरतो. आपल्या घरावर दरवर्षी दंड बसतो, बरं दिसत नाही."

मी केसरकडे पाहिले. ती डाळ निवडत होती.

त्या दिवशी सकाळी गाव फावडी घेऊन आमच्या दारावरून निघाले. आमच्या वलणीवर माझी सर्व धोतरे, मुलाचे सर्व सदरे आणि विजारी ओळीने ठिबकत होत्या. माणसांनी थांबून ती ओळ शेवटपर्यंत नीट पाहिली. शेवटी, बापूंच्या मागे घरी परत आलेला, काळा कोट होता. त्याच्या दोन्ही बाह्यांतून पाणी गळत होते. मुलगा उतरणार हे कानी आल्याने सगळ्यांनी त्या वर्षी भाकरी बांधून घेतल्या होत्या; कोट पाहून त्यांनी त्या मुकाट्याने घरी परत पाठवल्या, आणि गाव समाधानाने पाटाकडे गेले.